मामांचं रीडिंग

मामा कधी कुणाच्या अंगावर सरळ चालून गेले नाहीत. हे मी त्यांच्या स्वभावाबद्दल नाही, चालण्याबद्दल सांगते आहे. समोरून ओळखीचा माणूस आला की मामा रस्त्याची कड धरायचे, जरासा वळसा घ्यायचे आणि मग त्याच्या बाजूला जाऊन उभे राहायचे. खांद्याला खांदा, दोघांची तोंडं एकाच दिशेला. बोलताना डोळ्यांत न बघता खांद्याकडे किंवा चपलांकडे बघायचे. लग्नकार्यात तर फार पंचाईत व्हायची. व्याही गळाभेटीला हात पसरून पुढे यायचे, तोवर हे अर्धगोल काढून त्यांच्या कडेला पोचलेले असायचे. गल्लीत त्यांना 'तिरपे मामा' म्हणत. नव्या माणसाला ते शिष्ट वाटत, जुन्या माणसाला चक्रम. मला लग्नानंतर पहिले काही दिवस दोन्ही वाटले.

मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाच म्हणतात. नोकरी असेपर्यंत त्यांनी सोलापुरात घरोघरचे विजेचे मीटर वाचले. खांद्याला पिशवी, हातात बॅटरी आणि दिवसभर दुसऱ्यांची फाटकं उघडायची. ज्या फाटकात मीटर, त्या फाटकात बहुधा कुत्रंही असायचंच. तिरपं चालणं तिथून आलेलं. "सरळ चालत गेलं की कुत्र्याला वाटतंय, ह्यो भांडायला आला," ते म्हणायचे. "दोन शहाणी कुत्री भेटताना बग की. वळसा घेऊन येत्यात. सरळ येतंय ते भांडकुदळ." ही सवय अंगात इतकी मुरली, की निवृत्त झाल्यावर माणसांपुढेही ती सुटली नाही.

त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "आदी कुत्र्याचं रीडिंग, मग मीटरचं." कडी वाजवायची आणि थांबायचं. कुत्रं आपल्याला दिसू द्यायचं, आपण कुत्र्याला दिसायचं. त्याच्या डोळ्यात डोळे घालायचे नाहीत, पाठ फिरवून पळायचं तर मुळीच नाही. आणि शेपटीवर विश्वास ठेवायचा नाही. "शेपूट हलली म्हंजे 'या बसा' न्हवं. कशी हलली ते बग. ढुंगणासकट सगळं अंग हलायलंय, तोंड सैल हाय, तर ठीक. शेपूट काठीगत वर, नुसतं टोक थरथरायलंय, आन् अंग ताठ, तर तितंच थांब." मग ते कुत्र्याच्या बारीकसारीक खुणा सांगायला लागत. खायला काही नसताना ओठ चाटणं, तोंड दुसरीकडे वळवणं, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसणं, जांभई. "जांभई आली म्हंजे झोप आली असं न्हाई. त्याला नको-नको झालेलं असतंय."

पूर्व भागात, यंत्रमागवाल्यांच्या घरांत गेले की ते फाटकातून तेलुगूत हाक मारायचे. मध्यंतरी दुधनीला बदली झाली होती, तिथे कन्नडमध्ये. "दुधनीची कुत्री मराठी ऐकूनच घेत न्हाईत," असं सांगून स्वतःच आधी हसायचे. मग खरं कारण सांगायचे. आतल्या बाईला आपल्या भाषेत हाक आली की तिचा जीव खाली पडतो, आणि तिचा पडला की तिच्या कुत्र्याचा पडतो. एवढं सगळं कळत असून त्यांच्या डाव्या पोटरीवर दातांचा मोठा व्रण होता. घरमालक आतून ओरडला होता, "काही करत नाही, या बिनधास्त!" आणि मामा स्वतःचं रीडिंग सोडून त्याच्या शब्दावर आत शिरले होते. तो व्रण दाखवून ते म्हणत, "काही करत न्हाई म्हणणाऱ्याचंच आदी चावतंय."

मी अकलूजची. लहानपणी गोठ्यामागे व्यालेल्या कुत्रीच्या पिलांना हात लावायला गेले आणि ती मनगटाला चावली. आजीनं जखमेत तिखट भरलं. चावा विसरले, पण तिखट आजवर विसरलेले नाही. तेव्हापासून कुत्रं दिसलं की मी रस्ता बदलायची. लग्न होऊन या घराच्या फाटकाशी आले, तर आत कडुनिंबाखाली एक तांबूस कुत्री खड्डा करून बसलेली. उन्हाळ्यात गारव्यासाठी जमीन उकरायची तिला सवय, म्हणून मामांनी तिचं नाव 'अर्थिंग' ठेवलेलं. विजेच्या खात्यातल्या माणसाला दुसरं काय सुचणार! ती उठून उभी राहिली आणि मी शालू सावरत दोन पावलं मागे सरले.

उंबऱ्यावर माप ठेवलेलं, बायका खोळंबलेल्या. "अगं, काही करत नाही ती," "नवऱ्याचा हात धर," "एवढं काय भ्यायचं!" असा सगळीकडून गलका. मामा तेवढे कडेकडेनं आले, माझ्या बाजूला उभे राहिले, आणि कडुनिंबाकडे बघत हळूच म्हणाले, "घाई न्हाई. तिला बी न्हाई, तुला बी न्हाई." आम्ही तसेच उभे राहिलो. कुणीतरी मुहूर्ताचं काढलं, त्याच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. शेवटी अर्थिंगनं एक मोठी जांभई दिली, अंग झटकलं आणि खड्ड्यात जाऊन बसली. "तिला बी तुझं टेन्शन आल्तं," मामा म्हणाले. माझा स्वभाव फटकळ, एरवी मी काहीतरी उत्तर दिलं असतं. त्या दिवशी मला हसू आलं आणि मी आत गेले. त्या दिवशी ते अर्थिंगचं नव्हे, माझं रीडिंग घेत उभे होते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

अर्थिंगला हात लावायलाही त्यांनीच शिकवलं, पण मी स्वतःहून म्हणेपर्यंत नाही. हात डोक्यावरून न्यायचा नाही, खालून आणि कडेनं न्यायचा, मूठ मिटलेली. आधी तिला वास घेऊ द्यायचा. मग गळ्याखाली जरा खाजवायचं आणि हात काढून घ्यायचा. "काढ म्हंजे काढ. आता ती काय करती ते बग. परत अंग लावलं तर व्हय. न्हाई लावलं तर न्हाई. इचारल्याबिगर दुसऱ्यांदा हात लावायचा न्हाई." मी हात काढला. अर्थिंगनं थोडा विचार केला आणि मान पुढे करून माझ्या मुठीवर ठेवली. सासर आपलंसं वाटलं तो दिवस कोणता असं कुणी विचारलं, तर मी तो सांगेन.

त्यांना राग येईल अशी गोष्ट एकच होती, सरासरी. घराला कुलूप असलं आणि मीटर बघता आला नाही, की मागच्या बिलांच्या अंदाजानं आकडा लावतात, तिला सरासरी म्हणतात. मामा त्या घरी पुन्हा पुन्हा जायचे, पण सरासरी लावायचे नाहीत. "दाराला कुलूप हाय म्हणून आतलं मीटर थांबतंय व्हय? ते फिरतच असतंय की." घरातही हा शब्द त्यांच्या तोंडी सारखा. मी शाळेतून शिकवून दमून यायची, गप्प बसायची. आमचे हे म्हणायचे, "तिला भूक लागली असेल." वर्तमानपत्राच्या आडून मामांचा आवाज यायचा, "सरासरी लावू नकोस रं. इचार तिला." खरं सांगायचं तर पुष्कळदा मला भूकच लागलेली असायची. पण विचारलं की बरं वाटायचं.

समोरच्या बंगल्यातल्या सरांनी टायगर नावाचा दांडगा कुत्रा पाळला होता. तो गुरगुरला की सर त्याला वेताची छडी मारत, आणि एक दिवस त्यांनी कौतुकानं सांगितलं की आता तो अजिबात गुरगुरत नाही. मामा त्या दिवशी जेवले नाहीत नीट. "गुरगुरणं म्हंजे शिवी न्हवं. 'लांब ऱ्हावा, माझ्या हातनं काहीतरी हुईल,' असं ते सांगत असतंय. ह्यांनी धोक्याचा दिवा काढून टाकला. करंट हाय तसाच हाय." त्यानंतर त्यांनी माझ्या मुलीला, मनूला, एक खेळ शिकवला. ते 'खांब' म्हणाले की तिनं जागच्या जागी विजेचा खांब व्हायचं. हात अंगाला चिकटवायचे, नजर पायाच्या बोटांवर. "खांबाला कुत्रं चावत न्हाई," ते तिला सांगायचे. "फार तर दुसरं काहीतरी करतंय." यावर मनू खिदळत गडाबडा लोळायची.

एका संध्याकाळी सरांचं फाटक उघडं राहिलं आणि टायगर बाहेर आला. भुंकला नाही, गुरगुरला नाही, मान खाली घालून सरळ रेषेत मनूकडे निघाला. मी किंचाळणार तोच मामांनी हात आडवा धरला आणि रोजच्या खेळातल्या आवाजात म्हणाले, "मनू, खांब." माझी पोर खांब झाली. टायगरनं तिच्याभोवती फिरून वास घेतला. मामा वळसा घेत दोघांच्या मध्ये सरकले, आणि खांबाशी काही काम नाही असं बघून तो निघून गेला. नंतर मामांनी पाणी मागितलं आणि अख्खा तांब्या रिकामा केला. पुढे टायगर सरांनाच चावला, ते त्याच्या खाण्याच्या भांड्यावर वाकले तेव्हा. मामा धावत गेले, नळाखाली धरून साबणानं जखम कितीतरी वेळ धुतली आणि त्यांना स्कूटरवर बसवून इंजेक्शनाला घेऊन गेले. छडीचा विषय त्यांनी तेव्हाही काढला नाही, नंतरही नाही.

मग नवे मीटर आले, आपलं रीडिंग आपणच पाठवणारे. ते बसवणारी माणसं आमच्याकडे आली तेव्हा मामांनी त्यांना चहा पाजला, सगळं समजून घेतलं. शेवटी म्हणाले, "लई चांगलं. आन् कुत्र्याचं कोण घेणार?" सगळे हसले. मामाही हसले, पण बराच वेळ फाटकाकडे बघत बसले.

त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तोंड डावीकडे ओढलं गेलं, ते असं, की बघणाऱ्याला वाटावं मामा सारखे गालातल्या गालात हसत आहेत. भेटायला येणारी माणसं त्या हसण्यावर फार खूश व्हायची. वरून वाकून, मोठ्यानं, बहिऱ्याशी बोलावं तसं बोलायची, डोक्यावरून हात फिरवायची आणि बाहेर येऊन सांगायची, "आनंदात आहेत हो. हसले बघा माझ्याकडे बघून." मी चहा देताना दात ओठ खायची. मामा जीभ ओठांवरून फिरवत छताकडे बघत असायचे.

पुण्याहून थोरले भाऊजी आले. चांगला माणूस. त्यांचं म्हणणं, अण्णांना पुण्याला नेतो. मुलं मामांना अण्णा म्हणत. तिथे व्यायाम शिकवायला रोज माणूस येईल, मोठे डॉक्टर आहेत, लिफ्ट आहे. सगळं खरं होतं. ते पलंगावर वाकले, दोन्ही हात मामांच्या खांद्यांवर ठेवले आणि म्हणाले, "अण्णा, चलायचं ना पुण्याला?" मामांचं तोंड तसंच हसरं. त्यांनी जांभई दिली. "बघ, हसले," भाऊजी म्हणाले. "दमलेत बिचारे. झोपू दे."

मला त्यांच्या डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसत होता.

"सरासरी लावू नका, भाऊजी," मी म्हणाले. सुनेनं मोठ्या दिरांना असं बोलायची आमच्याकडे रीत नाही. पण भाऊजी याच घरात वाढले होते, तो शब्द कुणाचा हे त्यांना माहीत होतं. ते हात काढून मागे सरकले. मी पलंगाच्या डाव्या अंगाला खाली जमिनीवर बसले, मामांकडे नाही तर ते बघत होते तिकडे, खिडकीतून कडुनिंबाकडे तोंड करून. त्यांच्या चांगल्या हाताशी माझा हात ठेवला आणि म्हणाले, "मामा, पुण्याला जायचं?" त्यांनी हात काढून घेतला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. मी थांबले. आमचे हे चुळबुळ करायला लागले. पण घाई करायची नाही हे मला नववधू असतानाच शिकवलेलं होतं. मग मी विचारलं, "का हितंच ऱ्हायचं?" बाहेर कुणाची तरी रिक्षा आली, थांबली, गेली. त्यांचा हात आपला आपण सरकत आला आणि माझ्या हातावर पडला. भाऊजी ओंजळीत तोंड लपवून रडले. "मला खरंच वाटलं गं ते हसतायत," एवढंच म्हणाले.

मामा राहिले. अर्थिंग तोवर म्हातारी झाली होती, तोंडाशी पांढरी. जन्मात कधी तिनं उंबरा ओलांडला नव्हता. त्या हिवाळ्यात ती आधी उंबऱ्याशी आली आणि मग पलंगाशी. मामा डावा हात पलंगावरून खाली सोडायचे, मूठ मिटून, कडेला. ती वास घ्यायची. ते दोन बोटांनी तिच्या गळ्याखाली खाजवायचे आणि हात काढून घ्यायचे. ती मान पुढे करायची. घरात आम्ही सगळे त्यांचं बोलणं गेलं म्हणून हळहळत होतो आणि या दोघांचं काहीच अडत नव्हतं.

उन्हाळा लागला तशी मामांनी चमच्यापासून तोंड फिरवायला सुरुवात केली. मी पेज केली, आमरस केला, दुधात भाकरी कुस्करून दिली. डॉक्टर घरी आले, तपासलं आणि बाहेरच्या खोलीत म्हणाले की नाकातून नळी घालावी लागेल, नाहीतर फार दिवस नाहीत. काय करायचं ते घरच्यांनी ठरवा. भाऊजी पुण्याहून आलेच होते. त्यांनी माझ्या नवऱ्याकडे बघितलं, आणि दोघांनी माझ्याकडे. "तू विचार," भाऊजी म्हणाले. "तुलाच कळतं त्यांचं."

मला ते रीडिंग नको होतं. उकाड्यानं जेवण नको वाटत असेल, असं मी मनाशी म्हणत होते. कवळी बोचत असेल. कंटाळले असतील पेजेला, उद्या खातील. जन्मभर ज्या गोष्टीचा त्यांनी राग केला ती सरासरी मला त्या दुपारी जिवापाड हवी होती.

मामा त्यानंतर थोड्याच दिवसांनी सकाळी, चहाच्या वेळी गेले. अर्थिंग अजून आहे. कडुनिंबाखालच्या खड्ड्यात पडून असते, फाटक वाजलं की मान उचलते आणि पुन्हा खाली ठेवते. गल्लीतली माणसं म्हणतात, ती दुःख करते आहे. असेल. मला माहीत नाही. मी संध्याकाळी तिच्या बाजूला, तिच्याकडे न बघता बसते. कधी ती अंग लावते, कधी लावत नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्या दुपारचं. सगळे बाहेर थांबले आणि मी आत गेले. खाली बसले, कडुनिंबाकडे तोंड करून. हात त्यांच्या हाताशी ठेवला. "मामा, नाकातनं नळी घालू म्हणायलेत डॉक्टर. घालू दे?" त्यांनी हात काढून घेतला. झटकला नाही, हळूच काढला. तोंड फिरवलं, पण या वेळी भिंतीकडे नाही, बाहेर झाडाकडे. इतकं स्वच्छ रीडिंग त्यांनी मला कधी दिलं नव्हतं. दुसऱ्यांदा विचारायची गरज नव्हती, आणि मी पदर तोंडात कोंबून रडायला लागले.

थोड्या वेळानं मनगटाला काहीतरी लागलं, लहानपणी कुत्री चावली होती त्याच जागी. मामांचा डावा हात होता, मूठ मिटलेला, खालून आणि कडेनं आलेला. दोन बोटांनी त्यांनी माझ्या मनगटावर जरासं खाजवलं आणि हात काढून घेतला. काढला तो काढलाच. आणि ते थांबले, माझ्या खांद्याकडे बघत.

ते विचारत होते. तुला चालेल का, असं विचारत होते. उत्तर येईपर्यंत ते तसेच थांबतील, घाई करणार नाहीत, हेही मला माहीत होतं. मी बराच वेळ तशीच बसले. मग मनगट पुढे केलं आणि त्यांच्या मुठीवर ठेवलं.

विचारल्याशिवाय मामांनी जन्मात कुणाला हात लावला नाही. गेले तेही विचारूनच.